बुवा, काही गाळू नका : पेण-रोह्याच्या उत्सव मंडळांना खुले पत्र

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या सार्वजनिक उत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारे कार्यकर्ते यांस,



आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ऑर्केस्ट्रा असतो, खेळ पैठणीचा असतो, रक्तदान शिबिर असतं आणि या सगळ्याच्या सांदीत एखादी संध्याकाळ कीर्तनाची असते. ती अजून असते, याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. हे पत्र त्या संध्याकाळच्या वेळेबद्दल किंवा बुवांच्या मानधनाबद्दल नाही. सुपारी देताना बुवांच्या कानावर जी एक सूचना हळूच घातली जाते, तिच्याबद्दल आहे : “बुवा, पुढे लहान मुलं बसलेली असतात. जरा प्रसन्न आख्यान लावा, वादाचं काही नको.” बुवाही व्यवहार जाणतात. मग उत्तररंगातला परशुराम नुसता पितृभक्त उरतो, एकलव्याचा अंगठा गुरुनिष्ठेचा सुंदर नमुना होतो, आणि धर्मराज जन्मात कधी खोटं बोललाच नाही अशा समजुतीत श्रोते शिऱ्याच्या द्रोणाकडे वळतात.

सूचनेमागचा हेतू वाईट नाही. धर्मग्रंथातल्या माणसांनी धर्मानं वागावं ही कुणाचीही साधी अपेक्षा. ग्रंथ उघडला की मात्र भलतंच दिसतं. तिथे बाप मुलाचं डोकं उडवतो, मुलगा आईवर शस्त्र धरतो, राजा आपल्याच सैनिकाची बायको घरात आणतो, गुरू शिष्याचा अंगठा मागून घेतो. हे सगळं पोथीत शिरलं कसं? आणि शिरलं ते शिरलं, इतक्या पिढ्यांत कुणी ते काढून का टाकलं नाही?

उत्तर शोधायला काशीला जायला नको. कोकण ही परशुरामाची भूमी; समुद्र हटवून त्यानं ती मिळवली, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. महाभारताच्या वनपर्वातली त्याचीच दुसरी कथा मात्र दबक्या आवाजात सांगितली जाते. रेणुका स्नानाला गेली. तिथे चित्ररथ राजा स्त्रियांसह जलक्रीडा करत होता. त्याला पाहून तिचं मन क्षणभर चळलं. आश्रमात परतल्यावर जमदग्नींनी ते ओळखलं आणि मुलांना एकेक करून फर्मावलं, आईला मारा. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. चौघंही सुन्न झाले, तोंडातून शब्द फुटेना, हात उचलला गेला नाही. बापानं चौघांनाही शाप दिला. ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. मग सगळ्यांत धाकटा राम आला आणि त्यानं परशू चालवला. खूश झालेल्या बापाकडे त्यानं वर मागितले ते असे : आई जिवंत व्हावी, आपल्याला मारल्याचं तिला स्मरण राहू नये, या पापाचा आपल्याला स्पर्श होऊ नये, भाऊ पूर्ववत व्हावेत.

यातला दुसरा वर जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आईला आठवण राहू नये असं मागताना, आपण केलं ते आठवणीत ठेवण्याजोगं नाही, हे या आज्ञाधारक मुलाला पुरतं कळलेलं होतं. रेणुका वरामुळे विसरली. महाभारत विसरलं नाही.

आता हीच कथा ‘पितृआज्ञा’ या मथळ्याखाली पाच मिनिटांत उरकून पाहा. परशुरामावरचा डाग पुसला जातो, हे खरं. पण त्याबरोबर रेणुकाही पुसली जाते. ती बापलेकांमधल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका होऊन बसते. आणि ज्यांचा हात उठला नाही ते चार भाऊ तर कथेतून हद्दपारच होतात. मोठ्या माणसाचा दोष झाकायला घेतलेली चादर नेहमीच अशी लांब असते. तिच्याखाली ज्याच्यावर अन्याय झाला तोही जातो आणि ज्यानं अन्याय करायचं टाळलं तोही जातो.

या मुलखात तर ही चादर मुळीच पुरत नाही. घाटावरच्या कार्ल्याच्या एकवीरेला लोक रेणुकेचंच रूप मानतात. किनाऱ्यावरचे कोळी चैत्रात तिच्या यात्रेला लोटतात, आणि अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांचीही ती कुलदेवी. या कायस्थांची मूळकथा स्कंदपुराणातल्या रेणुकामाहात्म्यात सांगितली जाते. परशुरामानं क्षत्रियांचा संहार मांडला तेव्हा मारल्या गेलेल्या चंद्रसेन राजाची गरोदर राणी दाल्भ्य ऋषींच्या आश्रमात लपली. परशुराम तिथेही पोचला. अखेर जन्मणाऱ्या मुलानं तलवार सोडून लेखणी धरावी या अटीवर तो गर्भ वाचला. याच समाजातले, रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर उमटली. परशुरामाची अट इतक्या चोखपणे क्वचितच कुणी पाळली असेल. गंमत सोडली तरी मुद्दा उरतोच. पेण-रोह्याच्या एकाच आळीत, एका घराला परशुराम म्हणजे आपल्याला ही भूमी देणारा, आणि शेजारच्या घराच्या मूळकथेत तोच परशू घेऊन दाराशी उभा. दोन्ही घरं एकाच मांडवात, एकाच सतरंजीवर बसून कीर्तन ऐकतात. कथेला दोन्ही तोंडं राहिली ती अशा श्रोत्यांमुळे.

डोंगराकडच्या वाड्यांवर गेलं की हेच निराळ्या रंगात दिसतं. कातकरी आपला वंश रामाच्या वानरसेनेपर्यंत नेतात, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे. त्या वानरांचा राजा वाली. रामानं त्याला आडून बाण मारला. वाल्मीकींनी मरणाऱ्या वालीला गप्प बसवलं नाही. रामाला उभं करून त्याला लांबलचक जाब विचारू दिला. रामानं दिलेलं उत्तर पटतं की नाही यावर पंडित अजून भांडतात. भांडू देत. प्रश्न विचारला गेला, आणि तोही खुद्द रामायणात.

रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर अष्टमी आहे. नगरपरिषद दोन्हींची मिळून एकच. या अष्टमीचं नाव लावणाऱ्या एका माणसाची कामगिरी मंडळांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं या जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकण त्यांना शनवार तेली म्हणे. पेणचं त्यांचं प्रार्थनास्थळ, बेथ हा-एलोहीम, १८६३ सालचं. या समाजातल्या मंडळींनी १८८० साली मुंबईत मराठी कीर्तन सुरू केलं. पुढाकार होता बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचा. अब्राहाम, योसेफ यांची चरित्रं साक्या-दिंड्यांत बांधली गेली आणि हिब्रू बायबल झांजांच्या ठेक्यावर उभं राहिलं.

विषय काय निवडले होते ते पाहा. योसेफाला त्याच्या सावत्र भावांनी खड्ड्यात टाकलं आणि वीस रुप्यांना विकलं. विकण्याची कल्पना काढणारा भाऊ यहूदा, म्हणजे ज्याच्या नावानं पुढे सगळा समाज ओळखला गेला तोच. आपल्या मूळपुरुषाबद्दल असं काही लिहून ठेवणारे आणि ते वर वाजतगाजत म्हणणारे लोक जगात फार नाहीत. या समाजाचा कोकणातला लाडका संदेष्टा एलियाहू हन्नाबी. नवस फेडायला त्याच्या नावानं मलिदा करतात. त्याच एलियाहूनं बआल या देवाच्या साडेचारशे संदेष्ट्यांची कत्तल केली आणि लगेच जिवाच्या भीतीनं रानात पळून एका झुडपाखाली मरण मागितलं, हेही त्यांच्याच ग्रंथात आहे.

पण सगळ्यांत ठसठशीत उदाहरण दावीद राजाचं. सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलेलं आणि राजा मात्र राजधानीत. गच्चीवरून त्याला स्नान करणारी बथशेबा दिसली. ती उरीया या त्याच्याच सैनिकाची बायको. तिला बोलावून घेतलं, ती गरोदर राहिली. लपवायचं कसं? उरीयाला आघाडीवरून बोलावलं, घरी जाऊन आराम कर म्हटलं. तो गेला नाही. सोबती उघड्या रानात पडलेले असताना आपण घरी कसं झोपायचं, म्हणून राजवाड्याच्या दाराशीच आडवा झाला. दुसऱ्या रात्री राजानं त्याला दारू पाजली. तरी गेला नाही. तेव्हा दावीदानं सेनापती यवाबाला पत्र लिहिलं : याला तुंबळ लढाईच्या तोंडी द्या आणि मागे हटा. ते पत्र घेऊन गेला खुद्द उरीया.

पुढे नाथान संदेष्टा राजाकडे आला. त्यानं एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगितली. ते कोकरू त्याच्या ताटात जेवे, कुशीत निजे. आणि कळप बाळगून असलेल्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी नेमकं तेच कापलं. राजा संतापला, असल्या माणसाला देहदंडच हवा म्हणाला. तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच, हे नाथानानं त्याला तोंडावर सांगितलं. आणि राजानं मान खाली घातली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे.

काही शतकांनी दावीदाचं चरित्र पुन्हा लिहिलं गेलं. ते ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात सापडतं. तिथेही वसंत ऋतू आहे, राब्बाचा वेढा आहे, राजा यरुशलेमेत मागे राहिला हेही आहे. पुढे? पुढे थेट विजय आणि राजमुकुट. गच्ची नाही, बथशेबेची हकिगत नाही, पत्र नाही, नाथानाचं कोकरू नाही. आपल्या मंडळाची सूचना इमानेइतबारे पाळणारे बुवा तेव्हाही होते, एवढाच याचा अर्थ. त्या पुस्तकात उरीया सापडतो तो फक्त शूर सैनिकांच्या यादीत, एका नावापुरता. कसा मेला, का मेला, पत्ता नाही. दावीद स्वच्छ झाला आणि किंमत पुन्हा उरीयानंच मोजली.

यहुद्यांनी ही दोन्ही पुस्तकं ठेवली. स्वच्छ प्रत हाताशी असताना डागाळलेली फेकून दिली नाही. ख्रिस्ती परंपरेत मत्तयानं येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा बथशेबाचा उल्लेख तिच्या नावानं न करता उरीयाची बायको असा केला. मेलेल्या सैनिकाला त्यानं वंशावळीत आणून बसवलं. काय सांगावं आणि काय नाही, ही कुरबूर आजची नाही, हेही खरं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मग्रंथात याची चर्चा आहे. भर सभेत कोणते भाग वाचून लोकांच्या भाषेत समजावून सांगावेत, आणि कोणते नुसते वाचावेत पण उलगडू नयेत? योसेफाचा भाऊ रऊबेन याचं बापाच्या उपपत्नीशी वागणं वाचावं, उलगडू नये. यहूदा आणि त्याची सून तामार यांची कथा मात्र वाचावी आणि उलगडावीही. त्या कथेच्या शेवटी यहूदा, माझ्यापेक्षा हीच जास्त न्यायी, असं चारचौघांत कबूल करतो. काय सांगावं यावर त्यांनी डोकं खपवलं. ग्रंथाला कात्री मात्र लावली नाही.

आता लहान मुलांचं. पेणमध्ये हा मुद्दा मांडायला खरं तर धीर लागतो. हमरापूर, जोहे, पेण शहर, इथल्या कारखान्यांत ज्या गणेशमूर्ती वर्षभर घडतात, त्यांच्या खांद्यावरचं डोकं बापाच्या रागातून आलेलं आहे. मुलगा आईच्या सांगण्यावरून दार अडवतो, बाप त्याचं शीर उडवतो, मग हत्तीचं बसवतो. मराठी मूल चार-पाच वर्षांचं झालं की ही गोष्ट ऐकतं आणि कुणालाही ती ‘वादाची’ वाटत नाही. ऐकून झाल्यावर पुष्कळ मुलं एक प्रश्न विचारतात, आणि मोठी माणसं गडबडतात : मग त्या हत्तीचं काय झालं? पोरांना कळतं कुणाची चौकशी करायची ते. बाऊ आपण करतो.

कारखान्यात मूर्तीचा कान उडाला, बोटाचा टवका गेला, तर ती मूर्ती बाजूला जाते. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. पण दोन सुळ्यांपैकी एक मात्र कारागीर जाणूनबुजून अर्धाच ठेवतो. तो पूर्ण केला तर गिऱ्हाईकच परत करील. ब्रह्मांडपुराणातल्या कथेत हा सुळा तोडणारा पुन्हा परशुरामच. शिवाच्या भेटीला आलेल्या परशुरामाला गणपतीनं दारात अडवलं, त्यानं परशू फेकला. तो परशू शिवानंच दिलेला, म्हणून बापाच्या शस्त्राचा मान राखायला गणपतीनं घाव सुळ्यावर झेलला. हे एवढं सगळं मूर्तीवर ठेवून आपण तिला मंगलमूर्ती म्हणतो, आणि आख्यानात मात्र ओरखडा नको म्हणतो.

महाभारत गणपतीनं लिहून घेतलं ही कथा आपल्या देखाव्यांत नेहमी असते. गंमत अशी की पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याला शिस्त घालून दिली, १९६६ साली ते पुरं झालं, आणि त्यात लेखक गणपतीचा प्रसंग मूळ संहितेतून परिशिष्टात गेला. जुन्या हस्तलिखितांचा त्याला पुरेसा आधार नव्हता. सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही तसाच मूळ पाठाबाहेर ठेवला गेला. राहिलं काय? द्यूत राहिलं. भर सभेतली विटंबना राहिली. आधी स्वतःला हरलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावायचा अधिकार होता का, हा द्रौपदीचा प्रश्न राहिला, आणि धर्माची गती सूक्ष्म असते म्हणून भीष्मांनी केलेली टाळाटाळही. एकलव्याचा अंगठा राहिला. लाक्षागृहात पांडवांऐवजी जळून गेलेली निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे राहिले. दिलासा देणारे काही भाग मागाहून आले; टोचणारे हे भाग संपादकांना जुन्या थरात सापडले. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ याच संशोधित पाठावर उभं आहे. आणि ज्या व्यासांच्या नावावर हा ग्रंथ आहे त्यांना काही गाळायचं असतं तर सुरुवात घरापासूनच करावी लागली असती. धृतराष्ट्र आणि पांडू दोघेही त्यांचेच, नियोगातून झालेले. कौरव-पांडव म्हणजे त्यांची नातवंडं.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी हे फार आधी सांगून ठेवलं आहे. २१ फेब्रुवारी १९३२ या रविवारी धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली, आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं म्हणून ते आज आपल्या हाती आहे. पहिल्याच प्रवचनात विनोबा महाभारताबद्दल म्हणतात, की व्यासांनी भीष्म-युधिष्ठिरांचे दोष लपवले नाहीत आणि कर्ण-दुर्योधनांचे गुणही नाकारले नाहीत. समोर बसलेले लोक कैदी होते. राजकीय म्हणा, पण कैदीच. त्यांना निष्कलंक पुरुषांची चरित्रं ऐकवून काय साधलं असतं? रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी आयुष्यभर ज्या गीतेवर प्रवचनं केली, तिचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या तोंडी आहे. पोरांच्या मायेपायी सगळं होऊ देणारा म्हातारा बाप प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर म्हणून गीता सांगितली जाते.

एक आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. अशा कथांचा आधार घेऊन माणसं अन्याय करत आली आहेत. अंगठा मागणाऱ्यांना द्रोण आयताच सापडतो. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त परशुरामाच्या नावे जाहीर नोटीस काढली : चिरंजीव आहात ना, मग हजर व्हा. खुल्या पत्राचा याहून झणझणीत नमुना मराठीत शोधून सापडणार नाही. आणि याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. तिथला फरक लक्षात घ्यावा. मनुस्मृती ‘असं वागा’ म्हणून सांगणारी होती. तिच्या हुकमाखाली माणसांना चवदार तळ्याचं पाणी नाकारलं गेलं. कथा हुकूम देत नाही. ती घडलं ते सांगते, आणि भोगणाऱ्याला कधी जाब विचारू देते. पण जाब गाळून नुसता पराक्रम सांगितला, की कथेचाही हुकूम होतो. फुल्यांनी नोटीस काढली ती अशा हुकमाला.

तेव्हा यंदासाठी विनंती एवढीच. पेणच्या मंडळांनी एक संध्याकाळ रेणुकेचं आख्यान लावावं, चारही भावांच्या नावांसकट. रोह्याच्या मंडळांनी अष्टमकरांची आठवण म्हणून दावीद आणि उरीयाचं आख्यान एखाद्या नारदीय बुवांकडून बांधून घ्यावं. झांजा, पेटी, तबला आहेतच, आणि कोकराच्या गोष्टीला चाल लावायला बुवांना फार वेळ लागणार नाही. आख्यानानंतर दहा मिनिटं प्रश्नांसाठी ठेवावीत आणि पहिला प्रश्न पुढच्या रांगेतल्या पोरांना विचारू द्यावा. नवीन आख्यान बसवायचं म्हणून बुवांनी मानधन थोडं वाढवून मागितलं, तर वाढीव रकमेची पावती पत्रलेखकाच्या नावे फाडावी.



आपल्या मांडवातला एक श्रोता